हो ताई, बघतो

ताईचा निरोप ओळखायला पाठवणाऱ्याचं नाव बघावं लागत नसे. शेवटी तीन टिंबं असली की तो ताईचा. 'जेवलास का...' 'दाढेचं काय झालं...' 'परवा फोनवर जे बोललास ते मला काही आवडलं नाही...' पूर्णविराम, प्रश्नचिन्ह असल्या गोष्टींवर तिचा विश्वासच नव्हता. आपण बोलणं संपवलं की समोरचा निसटतो, असा तिचा अनुभव असावा, आणि धाकट्या भावापुरता तो अगदीच खोटा नव्हता.

हा धाकटा भाऊ पेशाने प्रोग्रामर. ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत, तेव्हा आपणही मास्तरच म्हणू. कुणी विचारो न विचारो, मास्तर शिकवायला सुटत. त्यांचा खास विषय रेजेक्स. रेजेक्स म्हणजे मजकुराच्या ढिगाऱ्यातून हवं ते शोधून काढायची प्रोग्रामर लोकांची सांकेतिक लिपी. तिच्यात साधीसुधी चिन्हं भलत्याच कामाला जुंपलेली असतात. तिथे टिंब म्हणजे टिंब नव्हे, तर 'कुठलंही एक अक्षर'. खरोखरचं टिंबच शोधायचं असेल, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश म्हणून एक तिरपी रेघ द्यावी लागते. रेघ दिसली की मशीन समजतं, की बाबा, हे नुसतं टिंब आहे, ह्यात दुसरं काही शोधायला जायचं नाही. नवीन कुणी ही रेघ विसरला की मास्तर त्याची खुर्ची आपल्याकडे वळवून घेत, पहिल्यापासून सगळं समजावून सांगत, आणि वर त्या दिवशीचा चहा त्या विसरभोळ्याने आणायचा, असा नियमही त्यांनी परस्पर करून टाकला होता.

पण ताईपुढे मास्तरांची मास्तरकी चालत नसे. आई गेली तेव्हा मास्तर शाळेत शिकत होते, आणि तेव्हापासून त्यांना ताईनेच वाढवलं होतं. वाढवण्याचं काम पूर्ण झालं असं तिला अजून कुणी कळवलं नव्हतं. ती मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था बघायची, म्हणजे दिवसभर शंभर जणींना सूचना देऊनही तिच्याकडे भावासाठी भरपूर सूचना उरत. गादीला ऊन दाखव, खिडकीची कडी दुरुस्त करून घे, फोनवर जरा मोठ्याने बोलत जा. ह्या सगळ्याला मास्तरांनी फार वर्षांपूर्वी एक उत्तर शोधून ठेवलं होतं, 'हो ताई, बघतो'. मोठं गुणी उत्तर होतं ते. ते होकारही नव्हतं आणि नकारही नव्हतं, त्यात ताईचा मान राहत होता आणि गादी जिथल्या तिथे राहत होती.

मग एके दिवशी मास्तरांच्या डोक्यात आलं, की जे उत्तर दर वेळी तेच असतं ते माणसाने हाताने का लिहावं? ते काम मशीनचं. त्यांनी फोनमध्ये बसणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. ताईचा निरोप आला की प्रोग्रामने आपणहून उत्तर द्यायचं, 'हो ताई, बघतो.' अडचण एवढीच होती की ताई ओळखायची कशी. तिचा नंबर सांगून भागणार नव्हतं, कारण तिचा स्वतःचा फोन एक तर सापडत नसे, नाही तर त्याची बॅटरी उतरलेली असे. ती कधी मेहुण्यांच्या फोनवरून निरोप पाठवी, कधी वसतिगृहाच्या, कधी शेजारणीच्या, आणि एकदा तर तिने भाजीवाल्याच्या फोनवरून मास्तरांना स्वेटर घालायला सांगितलं होतं. नंबर बदलत, टिंबं मात्र कधी चुकत नसत. तेव्हा मास्तरांनी नियम लिहिला, की ज्या निरोपाच्या शेवटी तीन टिंबं असतील त्याला हे उत्तर जावं. रेजेक्समध्ये त्यांनी ओळीने तीन टिंबं दिली, पुढे 'इथे निरोप संपतो' असं सांगणारी खूण केली, आणि खुर्चीत मागे रेलून बसले.

तिरपी रेघ एकाही टिंबाला नव्हती.

चाचणी केली नाही असं मात्र कुणी म्हणू नये. खणात पडलेला जुना फोन काढून मास्तरांनी स्वतःलाच निरोप पाठवला, 'जेवलास का...', आणि लगेच उत्तर आलं, 'हो ताई, बघतो.' मास्तर बेहद्द खूश झाले. टिंबं नसलेला एखादा निरोप पाठवून बघावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्याने असं केलं असतं तर त्यांनी त्याला दुपारपर्यंत सोडलं नसतं.

आता ह्यात चष्मेवाली कुठून आली ते सांगायला हवं. मास्तरांच्या घराजवळच्या रस्त्यावर तिचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे फ्रेमची कपाटं, मागे डोळे तपासायची खुर्ची, आणि कोपऱ्यात भिंग घासायचं मशीन. मास्तर पहिल्यांदा नंबर काढायला गेले तेव्हा तिने त्यांच्या नाकावर ती जड गोल चौकट बसवली, एक भिंग घातलं, मग दुसरं घातलं, आणि विचारलं, की पहिलं बरं का दुसरं? मास्तर म्हणाले, दोन्ही बरी आहेत. तिने परत दाखवलं. मास्तर म्हणाले, बघतो. बाकीची गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली, तिने शटर अर्धं ओढलं, तरी मास्तरांचं बघणं चालूच होतं. शेवटी तिने स्वतःच नंबर ठरवला आणि चहा मागवला. त्या चहाला आता बरेच महिने झाले होते. रोज दुकान बंद होताना मास्तर तिकडे जात, ती शटरची एक बाजू धरी, मास्तर दुसरी, आणि मग दोघं कोपऱ्यावर चहा पीत. ह्याला काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं, पण ते बघत होते.

अलीकडेच तिला दुसऱ्या शहरातल्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात जागा मिळाली होती. लहान मुलांचे डोळे तपासायचं काम, तिला पहिल्यापासून हवं होतं तेच. दुकान ती आपल्या चुलतभावाला चालवायला देणार होती. मास्तरांचं काम कुठूनही होण्यासारखं होतं, साहेबांनीही खुशाल कुठूनही करा म्हणून सांगून ठेवलं होतं. म्हणजे घोडं कुठे अडलं होतं म्हणाल, तर फक्त मास्तरांच्या तोंडाशी. तिने ही बातमी मास्तरांना सांगितली. आपण हिच्याबरोबर जावं असं त्यांना फार वाटलं. आणि ते म्हणाले, "वा. बघू मग."

तर, प्रोग्राम सुरू केला त्या दिवशी मास्तर एका मोठ्या कंपनीत बैठकीला गेले होते. तिथे फोन आत नेऊ देत नसत. दारावरच्या कपाटात फोन ठेवायचा, बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. एरवी मास्तरांना त्याची धास्ती वाटे, कारण उत्तर मिळालं नाही की ताई ऑफिसात फोन करी. त्या दिवशी मात्र ते अगदी निश्चिंत मनाने आत गेले. बैठकीत त्यांनी, गरज नसताना, टिंबाच्या आधी तिरपी रेघ न दिल्याने काय काय अनर्थ होतात ह्यावरही चार शब्द सांगितले.

बाहेर आले तेव्हा दारावरच्या रखवालदाराने फोन दोन बोटांत धरून त्यांच्या हातात दिला. दिवसभर कपाटात सारखा गुरगुरत होता, म्हणाला. फोन गरम झाला होता आणि बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. मास्तरांनी निरोप उघडले, आणि तिथेच भिंतीला टेकले.

पहिला निरोप साहेबांचा होता. 'मास्तर, कालची फाइल कुठे ठेवली?' त्याखाली उत्तर, 'हो ताई, बघतो.' साहेब म्हणजे भारदस्त मिशांचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी विचारलं होतं, 'कोण ताई?' उत्तर, 'हो ताई, बघतो.' त्यांनी लिहिलं होतं, 'मी ताई नाही.' उत्तर, 'हो ताई, बघतो.' त्यानंतर साहेबांनी काही लिहिलं नव्हतं. घरमालकांना ताई म्हणून झालं होतं, दाढेच्या डॉक्टरांना ताई म्हणून झालं होतं. पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या मशीनने 'आपला निरोप मिळाला, आम्ही लवकरच संपर्क साधू' असं कळवलं होतं, त्याला मास्तरांच्या मशीनने 'हो ताई, बघतो' म्हटलं होतं, त्यावर त्या मशीनने निरोप मिळाल्याचं पुन्हा कळवलं होतं, आणि दोन्ही मशीनं अशी दिवसभर एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत बसली होती. काय झालं हे कळायला मास्तरांना प्रोग्राम उघडून बघायची गरज पडली नाही. तीन टिंबं, म्हणजे कुठलीही तीन अक्षरं. ज्या निरोपात तीन अक्षरं असतील तो मशीनच्या मते ताईचा. जगातले झाडून सगळे निरोप ताईचे झाले होते.

त्यांनी आधी प्रोग्राम बंद केला. मग खऱ्या ताईचा निरोप दिसला. 'एक मुलगी सांगून आली आहे, चांगली वाटते, रविवारी त्या लोकांना चहाला बोलावू का...' आणि खाली नियमाप्रमाणे, बरोबर माणसाला, बरोबर उत्तर गेलं होतं, 'हो ताई, बघतो.' मास्तरांनी कपाळाला हात लावला. पण अजून चष्मेवालीचं नाव खाली दिसत होतं, आणि शेवटी त्यांनी तेही उघडलं.

'हॉस्पिटलजवळ घर मिळतंय. मालकांना आज संध्याकाळी सांगायचं आहे. एकटीपुरती एक खोली घेऊ की दोन? मी नीट विचारतेय.'

'हो ताई, बघतो.'

'ताई?'

'हो ताई, बघतो.'

'चेष्टा करतोयस का?'

'हो ताई, बघतो.'

आणि शेवटी एकच शब्द, 'हं'.

त्याच्याखाली काहीच नव्हतं. 'हं' म्हणजे मशीनच्या हिशेबी दोनच अक्षरं, एक ह आणि एक त्याच्या डोक्यावरचं टिंब. तीन भरत नव्हती, म्हणून मशीन गप्प बसलं होतं. सबंध दिवसात ज्याला उत्तर गेलं नव्हतं असा तेवढा एकच निरोप होता. मास्तरांनी घाईघाईने 'अगं' एवढं लिहिलं आणि फोन बंद पडला.

बैठकीच्या जागेपासून दुकान काही जवळ नव्हतं. मास्तर बसने आले, आणि बस सिग्नलला थांबली की उठून उभे राहत, जणू त्यामुळे ती लवकर सुटणार होती. वाटेत त्यांनी मनाशी बोलायची तयारी केली. आधी प्रोग्रामचं सांगायचं, मग रेजेक्स म्हणजे काय ते थोडक्यात, मग टिंब, मग रेघ. दुकानाच्या दाराशी पोचले तोवर सगळं व्याख्यान मुद्द्यांसकट तयार होतं.

शटर उघडं होतं. आत खुर्चीत एक आजोबा बसून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होते, आणि एकेक अक्षर सुचायला त्यांना नवी कथा सुचायला लागावा इतका वेळ लागत होता. चष्मेवालीने मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि बाकाकडे बोट केलं. मास्तर बसले. आजोबांना तिने विचारलं, की हे भिंग बरं की ते? आजोबा ताडकन म्हणाले, "दुसरं." मास्तरांना त्या आजोबांचा मनापासून हेवा वाटला.

आजोबा गेल्यावर ती भिंगं पुसून डबीत ठेवू लागली. मास्तरांनी सुरुवात केली ती शेवटापासून, मग मधूनच प्रोग्रामवर आले, मग भाजीवाल्याच्या फोनवर, मग साहेबांच्या मिशांवर. व्याख्यानाचा पार चुथडा झाला. तिने मधे एकदाच हात पुढे केला, त्यांचा फोन घेतला आणि भिंगाच्या मशीनशेजारी चार्जरला लावला. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, की म्हणजे तुझ्या मशीनला टिंब दिसलं की ते वाटेल ते समजतं? मास्तर म्हणाले, हो. आणि रेघ दिली की? रेघ दिली की त्याचा दुसरा काही अर्थच राहत नाही, मास्तर म्हणाले, लिहिलंय तेवढंच.

"मला मशीन आहे असं वाटलंच नाही," ती म्हणाली. "सकाळपासून विचार करतेय, की ताई का म्हणाला असेल. बाकीचं तर तुझंच उत्तर होतं."

ती हे चिडून म्हणाली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती हसली होती, थोडंसंच, आणि डबीचं झाकण लावत होती. मास्तरांना पक्कं कळलं, की फोन कपाटात नसता, हातात असता, तरी आपण तेच लिहिलं असतं. फक्त पहिले दोन शब्द गाळले असते. प्रोग्राम चुकला होता तो बाकी सगळ्यांच्या बाबतीत, हिच्या बाबतीत तो अगदी बरोबर चालला होता. लाज वाटली त्यांना, आणि भीतीही वाटली, कारण भिंतीवरचं घड्याळ संध्याकाळ संपत आल्याचं सांगत होतं आणि हॉस्पिटलजवळच्या घराचे मालक वाट बघत होते.

"आता तुझी ती रेघ देऊन विचारते," ती म्हणाली. "एक खोली की दोन? ह्याला दुसरा काही अर्थ नाही."

मास्तरांनी तोंड उघडलं. मला काय वाटतं, की म्हणजे, तसं बघायला गेलं तर, असं त्यांनी म्हटलं. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवून उत्तराची वाट बघायची तिला सवयच होती. रस्त्यावरून कुणी तरी शटर ओढल्याचा आवाज आला.

"दोन," मास्तर म्हणाले. मग घाबरून, पण न थांबता, पुढे म्हणाले, "मी येतोय तुझ्याबरोबर. मला यायचंच होतं. पहिल्या दिवसापासून."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, भिंग घासून झालं की उजेडाकडे धरून ती बघायची तसं.

"हो दादा, बघते," ती म्हणाली, आणि आपला फोन उचलून त्या घराच्या मालकांचा नंबर लावला.

ती मालकांना सांगत होती, दोन खोल्या, हो, दोघं जण, हो, नक्की. 'नक्की' म्हणताना तिचा आवाज किंचित हलला, आणि तिने पाठ वळवली. म्हणजे ही पण दिवसभर धीर धरून होती, हे मास्तरांना तेव्हा कुठे समजलं.

त्यांचा फोन एव्हाना जिवंत झाला होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ताईला आपण होऊन लिहिलं, आणि सरळ लिहिलं. 'ताई, रविवारी त्या लोकांना बोलावू नकोस. माझं एकीशी ठरलं आहे. ती चष्मे करते. आम्ही दुसऱ्या गावी राहायला जाणार आहोत.' पाठवलं आणि डोळे मिटून घेतले. आता वसतिगृहातून थेट फोनच येणार ह्याची त्यांना खात्री होती.

निरोपच आला, शेजारणीच्या नंबरवरून. 'मी कुणाला बोलावलंच नाही... निरोप पाठवला आणि क्षणात तुझं उत्तर हजर, तेव्हाच म्हटलं हा आपला मुलगा नव्हे, ह्याला बघतो म्हणायला पण दोन दिवस लागतात... रविवारी तिला घेऊन ये... माझ्या चष्म्याची काडी तुटली आहे...'

चष्मेवालीने शटरची एक बाजू धरली होती आणि ती थांबली होती. मास्तर उत्तर लिहायला लागले. 'हो ताई,' एवढं लिहिलं, तर फोनने इतक्या वर्षांच्या सवयीने पुढचा शब्द आपणच काढून समोर ठेवला, 'बघतो'. नुसतं बोट टेकवायचं होतं. मास्तरांनी तो शब्द तसाच राहू दिला, आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'आणतो.'

मग त्यांनी फोन खिशात घातला आणि शटरची दुसरी बाजू धरली.